नसलेली घडी

कासारे, ता. साक्री
५ जानेवारी २०२५

चि. लीलाधरला अक्काचा आशीर्वाद.

परवा तू फोन केला होतास म्हणे. कमलबाई शेजारून ओरडली, अक्का, फोन वाजतोय. मी उचलला. आत नुसतं मधमाश्यांचं पोळं घोंघावत होतं. मी आपलं "बरी शे, बरी शे" म्हटलं नि ठेवून दिला. तू काय विचारलंस देव जाणे. कोण वारलं का विचारलं असशील, तरी मी बरी शेच म्हटलं असेल.

म्हणून पत्र. तू म्हणतोस मेसेज कर, फोटो पाठव. ते सगळं कमलबाईच्या रत्नाच्या फोनवरून होतं. रत्नानं वाचलं म्हणजे कमलबाईनं वाचलं, नि कमलबाईनं वाचलं म्हणजे कासाऱ्यात दवंडी. आमचा पोस्टमन बरा. आठवड्यातून दोनदाच येतो, पण तोंड उघडत नाही.

आता काम. पेटी साफ करत होते. तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र उचललं तर खाली माझ्या सासऱ्यांची, झिपरूबाबांची ती हजाराची नोट. केवढी मोठी, दोन तळहात पसरले तरी बाहेर येते. मागं देवळाचं चित्र आहे, तंजावरचं म्हणे. कधीची बंद झाली. घरात आम्ही तिला मेलेली नोटच म्हणायचो. रत्ना नाताळच्या सुट्टीत आली होती, तिच्याकडून तुला फोटो पाठवला आहे.

तू जुन्या नोटा घेतोस, विकतोस. हिचं काही येतं का? धुळ्याच्या डॉक्टरनं कानाला मशीन सांगितलंय. दोन्ही कानांचे साठ हजार, एकाचे बत्तीस. मी म्हटलं एकच बसवा, अर्ध्या गल्लीचं ऐकलं तरी पुष्कळ. तो हसला. मी नाही हसले, माझ्याजवळ बावीस आहेत.

नोटेचे आले तर त्यात जोडीन. नाही आले तर नाही. खरं काय ते तू सांग, दुसऱ्या कुणाला मी विचारणार नाही.

तुझी
अक्का

*

जळगाव
१० जानेवारी २०२५

ती. अक्का, सा. नमस्कार.

तू फोनवर बरी शे म्हणालीस तेव्हा मी विचारलं होतं, "भरीत पाठवू का?" म्हणजे उत्तर चुकलं नाही तुझं.

फोटो बघितला. मोठा करून, उजेड वाढवून, सगळ्या बाजूंनी. तुला खोटी आशा लावणार नाही, अक्का. यूट्यूबवर दाखवतात, जुनी नोट द्या नि लाखो रुपये घ्या, ती सगळी फसवणूक असते. आजींना गंडवायचे धंदे. मी रोज बघतो.

तुझ्या नोटेचं असं आहे की मधोमध घडी पडलीय. फोटोत स्पष्ट दिसते. घडी म्हणजे नोट उद्या तिथूनच फाटणार. डाव्या कोपऱ्याला ओल लागलेली दिसते. गोळा करणाऱ्या लोकांना नोट करकरीत लागते, असा कागद कुणी हातात पण धरत नाही. बाजारात गेलीस तर पाचशे मिळतील, तेही घासाघीस करून. पण तू माझी अक्का. माझे बाबा गेले तेव्हा कॉलेजची फी तू भरलीस, ते मी विसरलो नाही. मी हजार देतो. माझं नुकसान झालं तर होऊ दे.

एवढं कर. कुणाला दाखवू नको. साक्रीच्या सोनाराला तर मुळीच नको, ते लोक उगाच काहीतरी आकडा फेकतात नि माणसाचं डोकं फिरतं. रत्नाला सांग, फोटो पुसून टाक. ओला हात लावू नको, पुस्तकात घालून ठेव. आणि नोटेवरचा नंबर कळव, पुढच्या अक्षरासकट, नीट बघून. नुसतं माझ्या रेकॉर्डला.

मशीनचं वाईट वाटतं. बघू, काहीतरी जमेल हळूहळू.

तुझा
लीलाधर

*

कासारे
१६ जानेवारी २०२५

चि. लीलाधर,

तिळगूळ घे. पाकिटात चार दाणे टाकलेत, पोस्टानं खाल्ले नाहीत तर पोचतील.

तू म्हणतोस ते खरं असणार. मी चष्मा लावून, दारात उन्हाला धरून बघितली, मला काही घडी दिसली नाही. पण तुझी नजर त्यात तयार झालेली, माझी भाकरीवरचा डाग बघणारी. नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय.

एक मात्र बरं वाटत नाही. तू तोट्यात का घेतोस? पाचशेची वस्तू हजाराला. तुझं अजून लग्न व्हायचंय, धंदा नवा. मी कमलबाईला म्हटलं, बघ, माझा भाचा कसा, स्वतःच्या खिशाला कात्री लावतो. ती म्हणाली, आजकाल पोटची पोरं करत नाहीत. हो, तू सांगू नको म्हणालास. पण मी नोट दाखवली नाही, नुसतं तुझं कौतुक सांगितलं.

नोटेची गोष्ट तुला माहीत नसेल. झिपरूबाबांनी सारंगखेड्याच्या जत्रेत घोडी विकली होती. पांढरी, कानापाशी काळी. घेणारा मोठा माणूस, त्यानं एकच नोट काढून दिली. बाबा जन्मात पहिल्यांदा हजाराची नोट बघत होते. दोन पुठ्ठ्यांत सपाट धरून फेट्यात बांधून आणली, रात्री फेटा उशाला. महिना झाला नसेल, रेडिओवर सांगितलं की मोठ्या नोटा बंद, बँकेत जाऊन बदला, कुठून आली ते लिहून द्या. बाबा धुळ्याला गेले. बँकेपुढं रांग, रांगेत सगळे शेठ, दारात पोलीस. बाबांच्या अंगावर मळकं धोतर. त्यांना वाटलं, आपण हजाराची नोट काढली तर सगळे म्हणतील, चोरली. तसेच माघारी आले. घरी म्हणाले, बदलून घेतली नि देणेकऱ्यांना दिली.

मरताना मला एकटीला सांगितलं. मुलाला नाही सांगितलं, सुनेला सांगितलं. नोट माझ्या हातात दिली. पुढं यांना कळलं तेव्हा हे म्हणायचे, "माझ्या बापानं लाजेपायी घोडी फुकट दिली."

हजार नको, पाचशेच दे. तुझं नुकसान माझ्या माथी नको.

अक्का

*

जळगाव
२१ जानेवारी २०२५

ती. अक्का,

तिळगूळ पोचला, दोन दाणे.

पाचशे वगैरे काही नाही, हजार म्हणजे हजार. रत्ना इथं नर्सिंगला आहे, ती २५ तारखेला घरी येतेय, तिच्या हाती पाकीट देतो. ती परत निघताना तू नोट तिच्याजवळ दे. वहीत घालून, दप्तराच्या आतल्या कप्प्यात. किमतीचं काही बोलू नको तिच्याशी. मीच येणार होतो पण इथून हलता येत नाही, पुढच्या महिन्यात नाशिकला जुन्या नोटा-नाण्यांचं प्रदर्शन आहे, मला पहिल्यांदाच टेबल मिळतंय.

बाबांची गोष्ट वाचली. वाईट वाटलं. पण आमच्या धंद्यात गोष्टीला किंमत नसते गं, कागदाला असते, आणि हा कागद थकलाय. घडी उलत चालली असेल. माझ्या हातात येईस्तोवर टिकली तरी देव पावला.

कमलबाईला माझं कौतुक सांगू नको. खरंच नको. मला ते आवडत नाही.

लीलाधर

*

कासारे
२७ जानेवारी २०२५
(रत्नाच्या हाती)

चि. लीलाधर,

हजार पोचले. तुझा शब्द म्हणजे शब्द.

आता एक आनंदाची गोष्ट. तुझं पत्र वाचून मला झोप लागेना. तू म्हणालास, हातात येईस्तोवर टिकली तरी देव पावला. म्हटलं, हा बिचारा माझ्यासाठी तोटा सोसतोय, नि नोट वाटेत फाटली तर हजाराचे शून्य होतील. मला आपलं काही करता येईल का?

मग सुचलं. बाजाराच्या दिवशी साक्रीला गेले. तहसीलजवळ दीपकचं झेरॉक्सचं दुकान आहे, आधारकार्ड, रेशनकार्ड, माझे पेन्शनचे कागद, सगळं मी त्याच्याकडूनच प्लास्टिकमध्ये करून घेते. पाण्यात पडलं तरी काही होत नाही. त्याला नोट दिली. तो म्हणाला, अक्का, ही केवढी मोठी, मोठी पिशवी लागेल, चाळीस रुपये. मी म्हटलं दोन रुपये पण कमी करू नको, पण नीट कर. त्यानं आधी कापड ठेवून इस्त्री फिरवली, घडी जावी म्हणून. मग मशीनमधून गरम गरम काढली. काय चकचकीत झाली!

त्याआधी घरी मी तिला हळदीकुंकू लावलं होतं. लक्ष्मीच ती, माझं सासर सोडून माझ्या माहेरच्या घरी चालली. ते कुंकू पण आत पक्कं बसलंय, बघ कसं शोभतं.

दीपक म्हणाला, आता शंभर वर्षं हिला कुणी हात लावू शकत नाही.

आता तुझा तोटा नाही ना होणार? कदाचित पाचशेचे आठशे येतील. जास्तीचे आले तर तुझे तू ठेव. प्रदर्शनात टेबलावर पुढंच ठेव, ऊन लागलं, पाणी सांडलं, काळजी नाही.

तुझी
अक्का

*

जळगाव
२९ जानेवारी २०२५

काय केलंस हे? काय केलंस, अक्का?

प्लास्टिक! गरम मशीनमधून! आधी इस्त्री! वर कुंकू! तुला कुणी सांगितलं होतं हे शहाणपण करायला? मी लिहिलं होतं पुस्तकात ठेव. पुस्तकात! तुला ऐकू येत नाही ते येत नाही, वाचताही येत नाही का?

आधारकार्ड आहे का ते? ते प्लास्टिक आता निघत नाही, कळतं का तुला, कागदात वितळून बसतं. मी कोपरा सोडवून बघितला ब्लेडनं. देवळाचा कळस प्लास्टिकला चिकटून वर आला. कळस!

पंच्याऐंशी हजार. ऐक. पंच्याऐंशी. पुण्याच्या माणसाशी बोलणं झालं होतं. फोटो बघूनच त्यानं आकडा सांगितला, नंबर कळवल्यावर वर चढवला, पाच हजार बयाणा पाठवला. कुठली घडी? घडी नव्हतीच! ओल नव्हती! सत्तेचाळीस वर्षं पेटीच्या तळाशी हात न लागलेली, अशी करकरीत नोट दहा वर्षांत एकदा निघते, आणि ती तू चाळीस रुपये देऊन मारून आणलीस. वर म्हणतेस आठशे येतील.

तुझ्या सासऱ्यानं एकदा घालवली, तू दुसऱ्यांदा. घराणंच तसं.

आता त्या माणसाला मी काय तोंड दाखवू? बयाणा मी टेबलासाठी भरून बसलोय.

*

जळगाव
३१ जानेवारी २०२५

ती. अक्का,

माझं एक पत्र तुला येईल, २९ तारखेचं, लांबट पांढरं पाकीट. ते उघडू नकोस. पाया पडतो, उघडू नकोस. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसऱ्याच एका भांडणाचा राग तुझ्या पत्रात निघाला. त्यात लिहिलेलं काही खरं नाही, आकडेबिकडे तर मुळीच नाही. चुलीत टाक.

नोट पोचली. छान झालीय.

मी काल पोस्टात गेलो होतो, पत्र परत मिळतं का विचारायला. खिडकीतला माणूस म्हणाला, "पेटीत पडलं की ते तुमचं नाही राहत, साहेब, ज्याचं नाव त्याचं." मागं रांगेत लोक हसले.

उघडलं असशील तर तसं कळव. नसशील तर तसं.

लीलाधर

*

कासारे
७ फेब्रुवारी २०२५

चि. लीलाधर,

एवढं काय घाबरतोस. तुझी दोन्ही पत्रं काल एकदमच आली. पोस्टमननं दिली ती वरचं लहान, खालचं लांबट. मी वरचं आधी फोडलं, त्यात तू उघडू नको म्हणालास, मग कशाला उघडू? आरशामागं ठेवलंय. चुलीत टाकलं नाही, दुसऱ्याचं लिहिलेलं जाळू नये.

रागात माणूस काय काय बोलतो. हे एकदा माझ्यावर रागावले होते तर भरलेली घागर विहिरीत टाकून आले, नि मग स्वतःच दोर घेऊन काढत बसले. तसं समज.

तुझं पत्र आहे, तुझं तू येऊन घेऊन जा. किती दिवस झाले, आला नाहीस. खापरावरचे मांडे करते. हात दुखतात पण एकदा होतं.

अक्का

*

धुळे बसस्थानक
१३ फेब्रुवारी २०२५

अक्का,

हे मांडीवर पिशवी ठेवून लिहितोय. शेजारचा माणूस केळं खात वाचतोय. वाचू दे.

दोन-अडीच तासांपूर्वी तुझ्याकडून निघालो. तू आरशामागून पाकीट काढून माझ्या हातात दिलंस, पदरानं धूळ पुसून. मी खिशात घातलं. तुला सांगू, त्या क्षणी मला किती हलकं वाटलं? सुटलो, असं वाटलं. कुणाला काही कळलं नाही. नोट गेली तर गेली, तोंड वाचलं. मी चक्क गुणगुणत हात धुतले.

मग तू मांडे वाढलेस. हाताला कापड गुंडाळून खापरावरून उतरवत होतीस. तिसरा वाढलास तेव्हा मी ताट बाजूला सरकवलं. म्हटलं, आता सांगायचंच. मी तुझ्या कानाशी आलो नि म्हटलं, "अक्का, मी..." तू म्हणालीस, "मोठ्यानं सांग, माले ऐकू येत नही." मी जरा मोठ्यानं म्हटलं. तू पुन्हा कान पुढं केलास. तेवढ्यात कमलबाई ओट्यावरून वाकून म्हणाली, "काय म्हनी ऱ्हायना तो?" तिच्यामागं आणखी दोघी होत्या. माझ्या लक्षात आलं की तुला सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार. मी तुला फसवलं, हे मला गल्लीभर ओरडावं लागणार. आणि मी ओरडलो, "मांडे मस्त झालेत!"

कमलबाई म्हणाली, "असा भाचा मिळायला पुण्य लागतं."

बसमध्ये खिडकीशी बसलो नि खिशातलं पाकीट टोचायला लागलं. साक्रीपासून धुळ्यापर्यंत टोचत होतं. फाडून खिडकीतून टाकलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. टाकणार होतो. नेर गेलं, कुसुंबा गेलं, हात वर झाला नाही.

ते पाकीट तसंच, बंद, या मोठ्या पाकिटात घालून तुला परत पाठवतोय. उघड. सगळं वाच. त्यात आकडा आहे तो खरा आहे. तुझ्या कानाबद्दल नि झिपरूबाबांबद्दल जे लिहिलंय ते मीच लिहिलंय, दुसऱ्या कुठल्या भांडणाचा राग नव्हता तो. दुसरं भांडण नव्हतंच. तू मशीनसाठी विचारलं होतंस हे मला पाठ होतं, तरी मी पाचशे लिहिलं. लिहिताना हात थांबला नाही. माझं नुकसान झालं तर होऊ दे, हे वाक्य लिहून मला बरं पण वाटलं होतं.

आमच्यात नोट विकताना सोबत एका कागदावर तिची अवस्था लिहितात. घडी किती, डाग कुठं, आधी दुरुस्त केलीय का. मी काल रात्री स्वतःची लिहायला बसलो. पहिल्या ओळीतच अडकलो. आतून कागद लावून चिकटवलेला माणूस, उजेडाला धरला तरच कळतं, एवढंच आलं.

माझा स्वतःचा अल्बम आहे, कॉलेजपासून जमवलेला. तो पुण्याच्याच माणसाला विकायला दिलाय. त्याचा बयाणा फेडून जे उरेल ते मशीनवाल्याकडे तुझ्या नावानं भरतो. दोन कानांचे होणार नाहीत. एकाचे होतील बहुतेक.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

लीलाधर

*

कासारे
१९ फेब्रुवारी २०२५

लीलाधर,

उत्तर देते. न देऊन कसं चालेल, आपल्यात दुसरं काय ऐकू येतं.

पोरा, दोन्ही पत्रं एकदम आली नव्हती. लांबटवालं सोमवारी आलं, लहान गुरुवारी. सोमवारी मी हातातला तवा बाजूला ठेवून ते फोडलं, म्हटलं नोट बघून खूश झाला असेल, लगेच लिहिलंय. उभ्यानंच वाचलं. मग बसून वाचलं.

वाचताही येत नाही का, असं विचारलंस. वाचता येतं रे. येत नसतं तर बरं झालं असतं त्या दिवशी.

आकड्याचं मला नंतर कळलं. आधी कळलं ते घडीचं. मी तीन वेळा दारात उन्हाला धरून बघितली होती नोट, घडी दिसत नव्हती, नि मी स्वतःला म्हणत होते, पार्वता, तुझे डोळे पण गेले आता कानामागं. डॉक्टरला विचारणार होते डोळ्यांचं. तू मला माझे चांगले डोळे खोटे वाटायला लावलेस. पंच्याऐंशी हजारांपेक्षा मला त्याचं जास्त लागलं.

मग लाज. तुझी नाही, माझी. गल्लीभर सांगत फिरले होते, भाचा तोट्यात घेतोय. सोमवार ते गुरुवार मी ओट्यावर बसले नाही. कमलबाईला सांगितलं, ताप आहे. ती काढा घेऊन आली. काढा कडू होता, पण मी रडले ते काढ्यामुळं असं तिला वाटलं, ते एक बरं झालं.

गुरुवारी तुझं दुसरं आलं. उघडू नकोस, पाया पडतो. म्हटलं, चला, ह्याला पण लाज वाटली. लाज वाटली म्हणजे पोरगा पुरता गेला नाही. मग झाकावं. पाकिटाचा डिंक कच्चा होता, फाटलं नव्हतं. कणकेची खळ केली, बोटानं लावली, वर पाटा ठेवला. तरी वाकडंच बसलं. एका टोकाला पिठाचा गोळा राहिला, वाळून टणक झाला. म्हटलं, हा नोटा उजेडाला धरून बघणारा माणूस, ह्याच्या हातात पडलं की लगेच ओळखेल. मग तोच बोलेल. तुला देताना धूळ पुसली ती त्याच टोकावरची.

तू बघितलंसुद्धा नाहीस. फोटोत नसलेली घडी तुला दिसली, नि हातातली खळ दिसली नाही.

आणि ते तू गुणगुणलास ते मला कळलं. ऐकू आलं नाही, पण मान हलत होती तुझी.

मला ओठांवरचं थोडं थोडं समजतं. कानाशी आलास तेव्हा नाही कळलं, पण मागं सरकून दुसऱ्यांदा म्हणालास ते मी बघितलं. अक्का मी, एवढंच होतं. मी मुद्दाम कान पुढं केला. म्हटलं, म्हण पुढचं. तू मांडे म्हणालास. तो दिवस माझा फार वाईट गेला, सोमवारपेक्षा.

मग काल हे मोठं पाकीट आलं, त्यात माझंच चिकटवलेलं पाकीट, तसंच. टाकून दिलं नाहीस. थोडं बरं वाटलं. थोडंच.

मशीनचे पैसे भर. नको म्हणणार नाही, तेवढी भोळी नाही मी. अल्बमचं वाईट वाटून घेऊ नको, मला पण वाटत नाही. त्या प्लास्टिकच्या नोटेचं काय करायचं ते विचारू नको, ती तू हजाराला विकत घेतलीस.

माफीचं लिहिलेलं मी मोजत नाही. कागदावर तू पहिल्यापासून गोडच लिहितोस. रविवारी ये. रविवारी सगळे घरी असतात. ओट्यावर बसू, कमलबाईला मी बोलावून घेईन, तिला पण माझ्याकडून खोटं गेलंय. मांडे करते. पण आधी बोलायचं, मग ताट. आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

अक्का